लिमयांची फाइल मी का सोडली

“विसार देऊन झाल्यावर तुम्ही मला दुसरा वकील बघायला सांगताय?” लिमये खुर्चीतून अर्धवट उठले होते. “घर पसंत आहे, बाई विकायला तयार आहेत, निम्मं काम झालंय. माझं काही चुकलं का?”

“तुमचं काही चुकलेलं नाही. पण यापुढं माझ्याकडून तुमचं काम नीट होईल याची मला खात्री नाही.”

“आजारी आहात?”

“नाही.”

“मग?”

त्या ‘मग’चं उत्तर देण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

एकोणीसशे साठच्या दशकात मी मद्रासला वकिली करत होतो. कोर्टात उभं राहून भांडणारा वकील मी कधीच नव्हतो. घर-जमिनीचे कागद तपासायचे, खरेदीखत तयार करायचं आणि रजिस्ट्रेशनला पक्षकाराबरोबर जायचं, हे माझं काम. आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि ऑफिसात इंग्रजी असा आमचा दिवस जाई. लिमये पुण्याहून नवीन आलेले, गिंडीच्या एका कारखान्यात इंजिनियर. मराठी बोलणारा वकील आहे असं कुणाकडून तरी कळलं म्हणून माझ्याकडं आले. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हटलं, “कागद अस्की घेऊन या.”

ते माझ्याकडं बघतच राहिले. “अस्की म्हणजे?”

“सगळे.”

ते मोठ्यानं हसले. “राव, तुमची मराठी आमच्या पणजोबांच्या वेळची आहे!” मीही हसलो. माणूस मला आवडला.

त्यांनी पसंत केलेलं घर वेस्ट मांबलमला होतं, स्टेशनापासून चालत जाण्यासारखं. कौलारू, बैठं. पुढं तिण्णै, म्हणजे रस्त्याला लागून असलेला बसायचा ओटा. मागं विहीर, एक नारळ, कडीपत्त्याचं झाड. मालकीण कनकम्माळ. त्यांचा नवरा टपाल खात्यात होता, तो वारला. मुलगी त्रिचीला दिलेली. तिच्याकडं राहायला जायचं म्हणून त्या घर विकत होत्या.

खरेदीत वकील नेमकं काय करतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. विकणाऱ्याचं ते घर खरोखर त्याचं आहे का, हे आम्ही बघतो. यालाच टायटल म्हणतात. जुनी खतं वाचायची. त्या जागेवर कर्जाचा बोजा नाही असा दाखला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून काढायचा. मग जागेवर जाऊन मोजणी करायची आणि चारी बाजूंना कुणाकुणाचं काय आहे ते पडताळायचं. कागदावरचं घर आणि जमिनीवरचं घर एकच आहे ना, ते तेव्हा कळतं.

मोजणीला मी एका संध्याकाळी गेलो. टेपचं दुसरं टोक कनकम्माळनीच धरलं. काम झाल्यावर त्यांनी ताक आणून दिलं. तिण्णैवर बसून मी ते प्यायलो आणि घरी गेलो.

घरी म्हणजे जवळच्याच रस्त्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. खोल्या वरच्या मजल्यावर आणि जिना मालकांच्या हॉलमधून. आमच्याकडं कुणी आलं की त्याला मालकांच्या जेवत्या माणसांना वळसा घालून वर आणावं लागे. मालकीणबाईंची आंघोळ आणि पूजा होईपर्यंत विहिरीवर आमचा नंबर लागत नसे. माझी बायको तुळजा मुलींच्या शाळेत शिकवायची. तिनं यावरून कधी भांडण केलं नाही. पण कनकम्माळच्या घरासमोरून जाताना तिची चाल मंदावते, हे मी बरोबर असताना पाहिलं होतं. एकदा ती म्हणाली होती, “या घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं.” एवढंच. पुढं काही नाही.

मोजणीनंतरच्या दिवसांत मात्र ती वेगळीच वागू लागली. स्वयंपाक करताना गुणगुणायची. माळ्यावरची पितळी समई उतरवून तिनं घासली. एकदा मधेच विचारलं, “नारळाला पाणी किती लागतं हो?” मी कागदांत डोकं घालून बसलो होतो. म्हटलं, पुष्कळ लागतं.

रविवारी सकाळी माझ्यासमोर कॉफी ठेवून ती बसली. “किती दिवस लपवणार आहात?”

“काय लपवतोय मी?”

“मी पाहिलं तुम्हाला. दारापाशी टेप धरून होतात. मग तिण्णैवर बसून ताक प्यालात. मी समोरच्या दुकानापाशी होते. मुद्दाम हाक मारली नाही. म्हटलं, सांगतील आपण होऊन.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिचा चेहरा असा उजळलेला मी फार वेळा पाहिला नव्हता. तो तसाच थोडा वेळ राहावा असं वाटलं, पण गप्प बसणं म्हणजे खोटं बोलण्यासारखंच होतं.

“तुळजा, ते एका पक्षकाराचं काम आहे.”

तिनं टंबलरमधली कॉफी खालच्या वाटीत, म्हणजे डबऱ्यात, ओतली, परत टंबलरमध्ये ओतली. “वाटलंच मला,” ती म्हणाली. तिला तसं वाटलेलं नव्हतं. मग ती उठून आत गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर ती समई पुन्हा कागदात गुंडाळत होती.

इथपर्यंत कामाचा प्रश्न नव्हता. बायकोला आवडलेलं घर पक्षकार घेतोय, असं होऊ शकतं. खरी अडचण पुढं कागदांतून निघाली.

कनकम्माळचा नवरा मृत्युपत्र न करता गेला होता. नव्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी, तिघांचा हिस्सा सारखा. मुलीनं हक्कसोड लिहून दिली, म्हणजे आपला हिस्सा आईच्या नावे सोडला. मुलगा नटराजन मलायात, पेनांगला कामाला गेलेला. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. त्याची सही नाही तर त्याचा हिस्सा विकला जात नाही. लिमयांनी घर घेतलं असतं आणि उद्या नटराजन दारात येऊन उभा राहिला असता, तर त्याला घालवून देता आलं नसतं.

हे सांगायला मी कनकम्माळकडं गेलो. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं.

“पत्ता जुना आहे,” त्या म्हणाल्या. “मी लिहिते, उत्तर येत नाही. तुमच्या साहेबांना त्याची सही पाहिजे. मला तोच पाहिजे आहे.”

मग त्या म्हणाल्या, “वक्कील सार, तुम्हीच का नाही घेत हे घर? टीचरम्मांना मी रोज बघते. इथून जाताना त्या मान वळवून आत पाहतात. तुम्ही इथलेच. मुलगा कधी आलाच तर त्याला आत बोलवाल, जेवू घालाल. परक्या माणसाला मी हे कसं सांगू? तुमच्यासाठी मी थांबेन.”

मी ‘नाही’ म्हणालो नाही.

तिथून निघालो तो सरळ घरी न जाता स्टेशनच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. तांबरमकडं जाणाऱ्या गाड्या माणसांना घरी घेऊन चालल्या होत्या. मी लिमयांना काय सल्ला द्यायचा, याचा विचार करत होतो. ‘मुलाचा ठावठिकाणा नाही, विसार परत घ्या, दुसरं घर बघा.’ सल्ला अगदी बरोबर होता. कुठल्याही सावध वकिलानं तोच दिला असता. पण लिमये बाजूला झाले की घर मोकळं होणार होतं. तो सल्ला त्यांचा वकील देतोय की तुळजाचा नवरा, हे मला सांगता येईना. बरं, ‘थांबा, मुलाला शोधू’ म्हणावं तर तेही आपण स्वच्छ आहोत असं स्वतःला दाखवण्यासाठी म्हणतोय की काय, अशी शंका आली. पक्षकार आपल्याकडं मोकळ्या मनाचं मत घ्यायला येतो. तेच माझ्यापाशी उरलं नव्हतं.

म्हणून मी लिमयांना बोलावलं होतं. आणि आता ते ‘मग?’ म्हणून समोर उभे होते.

“मला ते घर हवंय, लिमये.”

ते खाली बसले. मी सगळं सांगितलं. मुलाच्या सहीची अडचण सांगितली, कनकम्माळ काय म्हणाल्या तेही सांगितलं. तुळजाचं फक्त एका वाक्यात सांगितलं.

“म्हणजे तुम्ही ते घेणार?”

“नाही. तुम्ही सोडलंत तरी घेणार नाही.”

“घेणार नाही, तर फाइल कशाला सोडताय?”

“घ्या म्हटलं काय आणि घेऊ नका म्हटलं काय, ते मी कुणासाठी सांगतोय हे मलाच कळणार नाही. तुम्हाला तर मुळीच कळणार नाही.”

“हे जरा अतीच होतंय, राव.” ते रागावले होते. “पुण्यात असा वकील मी पाहिला नाही. आता नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत बसू?”

“मी सांगतो त्यांना. तुम्ही फक्त भेटा.”

त्यांनी फाइल स्वतःकडं ओढली आणि कोरडेपणानं म्हणाले, “कुणाला भेटू?”

व्यवहाराच्या मधेच वकील बदलणं फारसं अवघड नसतं, पण ते नीट करावं लागतं. कागद पक्षकाराचे असतात, ते त्याला द्यायचे. कुठवर काम झालं, काय अडलं, ते नव्या वकिलाला न लपवता सांगायचं. नवा वकीलही जुन्याची हरकत नाही ना, हे आधी विचारतो. तो आमच्या धंद्यातला शिष्टाचार आहे. मी लिमयांना वरदाचारींकडं पाठवलं. माझ्यापेक्षा पुष्कळ सीनियर, कपाळावर वैष्णवांचं उभं नाम, बोलणं मोजकं. फाइल घेताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“फी मिळेना म्हणून फाइल सोडणारे मी पाहिलेत,” ते म्हणाले. “घर मिळेल म्हणून सोडणारा तूच.”

त्या संध्याकाळी तुळजाला सांगितलं.

“म्हणजे आता तुम्ही त्यांचे वकील नाही?”

“नाही.”

“मग आता...” ती थांबली.

“मुलाची सही नाही, बाई थकल्यात, हे मला लिमयांचा वकील म्हणून कळलं. ते धरून मी घर घेतलं तर...”

“घेऊ नका,” ती पटकन म्हणाली. “मनात आलं ते तोंडून गेलं. मी मागितलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ती देवळाच्या तळ्यावरून शाळेला जाऊ लागली. तो रस्ता लांबचा होता. मी कारण विचारलं नाही.

वरदाचारींनी लिमयांना थांबायचा सल्ला दिला. पेनांगला त्यांच्या ओळखीचे एक वकील होते, त्यांना लिहिलं. नटराजन दुसऱ्या गावी सापडला. मधे बराच आजारी होता, मग नोकरी गेली, आणि असल्या अवस्थेत आईला काय लिहायचं म्हणून लिहीत नव्हता. तिथल्या भारतीय अधिकाऱ्यासमोर त्यानं हक्कसोडीवर सही केली आणि कागद बोटीनं मद्रासला आला. बरोबर एक फोटो होता. नटराजन, त्याची बायको, आणि कडेवर एक मूल. बायको आणि मूल, दोन्ही आईला ठाऊक नव्हतं.

“कागदाकडं बाईंनी पाहिलंच नाही,” वरदाचारी मला म्हणाले. “फोटो घेऊन बाहेर तिण्णैवर जाऊन बसल्या. उजेड तिथं जास्त होता.”

मी दिला असता तो बरोबर सल्ला लिमयांनी मानला असता, तर पेनांगला कुणी लिहिलंच नसतं.

खरेदी झाली. कनकम्माळ त्रिचीला गेल्या. गृहप्रवेशाचं बोलावणं करायला लिमये स्वतः जिना चढून आमच्या खोलीत आले. थोडे अवघडले होते. “वहिनींना घेऊन या,” म्हणाले. मला वाटलं तुळजा नाही म्हणेल. ती जरीची साडी नेसून तयार झाली.

लिमयांची बायको सुमतीबाई मद्रासला अगदी नवखी होती. भाषा येईना, कुणी ओळखीचं नाही. तुळजा दिसताच तिनं तिचा हात धरला आणि घरभर हिंडवलं. देव कुठं मांडू, पाटा कुठं ठेवू, झोपाळा कुठं टांगू? ती विचारायची आणि तुळजा तिथल्या तिथं उत्तर द्यायची. देव या कोनाड्यात, सकाळी इथं ऊन येतं. पाटा मागच्या दाराशी, म्हणजे पाणी बाहेर जाईल. झोपाळा या तुळईला नको, त्या तुळईला, म्हणजे बसल्यावर रस्ता दिसेल. तुळजा त्या घरात त्याआधी कधी आत गेली नव्हती. रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढ्यावर तिनं सगळं घर लावून ठेवलेलं होतं. मी दारातच उभा राहिलो. पुढं आत जाववेना.

“वहिनी, तुम्ही होतात म्हणून झालं,” सुमतीबाई म्हणाली. “मला काही सुचतच नव्हतं.”

परतताना आम्ही जुन्या रस्त्यानंच चालत आलो. कोपऱ्याशी आल्यावर तुळजा म्हणाली, “स्वयंपाकघर मला वाटलं होतं त्याहून लहान आहे.”

ते स्वयंपाकघर मी स्वतः मोजलं होतं. चांगलं ऐसपैस होतं.

“हो,” मी म्हटलं. “लहानच आहे.”

लिमयांनी पुढं त्यांची सगळी कामं माझ्याकडंच दिली. भावाचा पुण्याचा प्लॉट, सासऱ्यांचं मृत्युपत्र, सगळी. सुमतीबाई तमिळ शिकली ती तुळजाकडून, तिच्या त्या तिण्णैवर बसून. आम्हाला घर झालं ते बऱ्याच वर्षांनी, तांबरमच्याही पलीकडं, बाभळीच्या माळावर. दार रस्त्यावरच उघडत होतं, पण समोरून फारसं कुणी जात नसे.

त्या प्रकरणानंतर मी एक नियम केला. खरेदीचं काम घेऊन कुणी आलं की बाकी काही विचारण्याआधी घराचा पत्ता विचारायचो. घर माझ्या बायकोच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असलं, तर काम घेत नसे. यामुळं वेस्ट मांबलममधल्या बऱ्याच फाइली वरदाचारींकडं गेल्या. त्यांनी मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. दिवाळीला मात्र न चुकता मिठाई पाठवत.