जळोचीच्या फाटकापाशी केलेली चौकशी

जळोचीत टेम्पोतलं अर्धं सामान उतरलं आणि घरमालक फाटक अडवून उभा राहिला. "आजी, खोली देता येणार नाय. तुमचा स्कोअरच निघत नाय."

अर्धांगवायू झालेला माझा नवरा अजून टेम्पोतच खाटेवर बसलेला. वालचंदनगरची खोली सोडून, सकाळीच किल्ली देऊन आलो होतो. परत जायला जागा नव्हती.

"स्कोअर म्हंजे काय?"

त्याने मोबाइल पुढे केला. कराराला लागतं म्हणून माझं पॅनकार्ड घेतलं होतं. त्यावरून त्याने माझी कर्जं शोधली होती. एकही सापडलं नव्हतं.

"मग चांगलंच की."

"तसं नसतं. कर्ज घेऊन फेडलं असतं, तर विश्वास बसला असता."

खाटेवरून नवरा ओरडला, "आधी सांगायचंस की रं! ट्रॅक्टर घिऊन ठिवला असता!"

मला राग आला तो न विचारता माहिती काढल्याचा. सोयरीक करताना मुलीची चौकशी होते तशी मुलाचीही होते. मी पायरीवर बसले आणि समोरच्या गच्चीत कुरडया घालणाऱ्या बाईला हाक मारली, "अगं बाय, ह्यो मालक कसा हाय गं?"

"आजी, तिला काय विचारताय?"

"तू मोबाइलला इचारलंस, मी शेजारणीला इचारती."

बाई कठड्याशी आली. "तसा बरा हाय, पर डिपॉझिट परत देत न्हाय. आधीची भाडेकरू नर्सबाई अजून हेलपाटे घालती. म्हनं नळ मोडला!"

"मोडलाच होता!" मालक म्हणाला.

"तुमच्याच म्हशीनं मोडला! म्हणून तर दिवाळीपासून खोलीकडं कुत्रं फिरकलं न्हाय."

आजूबाजूची दारं उघडली. नवरा म्हणाला, "सोयरीक मोडा. पोराला खोड हाय."

मोडून जाणार कुठं? मी मालकाला सांगितलं, "खोली घेती. डिपॉझिट एकाच महिन्याचं, त्याची पावती आत्ता, हितंच, आणि नळाचा खर्च म्हशीकडं."

त्याने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा उघड्या दारांकडे. मग पेन मागितलं. तेही मलाच द्यावं लागलं.

खाट आत नेताना त्यानेच एक बाजू उचलली. पुढच्या उन्हाळ्यात नवरा त्याच खोलीत वारला. मी अजून तिथंच राहते.