मनूची थाप

आमची नात मनू चार वर्षांची. हात जरा उशिरा ऐकतात तिचे. तिच्यासारख्या मुलांच्या गाण्याच्या वर्गाला आज मी सोबत गेले. बाई पेटीवर एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. मग ज्याची पाळी त्यानं डफावर थाप द्यायची. मनूची पाळी आली, तशी मीच तिचा हात धरून पटकन थाप देऊन टाकली.

बाई हसल्या. "आजी, तुमची थाप छान होती. आता मनूची ऐकू या."

त्यांनी पेटीचा सूर तसाच धरून ठेवला. पोरंही निवांत वाट बघत होती. चुळबुळत होते ती मी. मनूचा हात वर आला, अडला, आणि हळूच डफावर उतरला. तिनं वळून माझ्याकडेच बघितलं, तर मला मेलीला मान वर करवेना. घरी घास मी भरवते, बटणं मी लावते. माया म्हणते मी त्याला. पण खरं सांगू, तिला लागणारा वेळ चारचौघांत मलाच सोसत नाही.

परतताना जिन्यात नव्या शेजारणीनं मनूला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि मनातल्या मनात तो सूर धरून उभी राहिले.