सागाच्या पानांपलीकडे

टेबलावर नकाशा उलगडला की आमच्या ताई त्यावर पाण्याचा गडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे तो. आधी वर चल." मग गच्चीवर जाऊन, कपाळाला तळहात लावून त्या साऱ्या जबलपूरवर नजर फिरवायच्या.

नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वर त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. मोबाइल कंपन्यांना टॉवर कुठे आणि किती उंच हवा ते पाहून सांगायचं, आणि त्यांच्या नव्या इंजिनिअरांना हे काम शिकवायचं, हा त्यांचा व्यवसाय. सगळा वर्ग त्यांना दीदी म्हणे. मी त्यांचा मदतनीस, घरात मराठी बोलणारा, म्हणून माझ्या त्या ताई. कांचघरहून स्कूटरवर यायच्या. डिकीत दुर्बीण, पोळीभाजीचा डबा आणि एक हातआरसा. आरसा पाहून माझा जो गैरसमज झाला तो तुमचाही झाला असता. पण ताईंना नटण्याची मुळीच हौस नव्हती. एका टोकाहून आरशाने उन्हाचा कवडसा पाडायचा. दुसऱ्या टोकाहून तो दुर्बिणीत दिसला, की दोन टॉवरांच्या मध्ये आडकाठी नाही.

बरगीकडच्या एका गावाचा सर्व्हे मी पहिल्यांदाच एकट्याने केला, भर चैत्रात. गावातून तिथल्या शाळेच्या मास्तरांनी आरसा धरला आणि मला टेकडीवरच्या जुन्या टॉवरवरून कवडसा लख्ख दिसला. "बरसात में रास्ता डूब जाता है, भैया. फोन तभी चाहिए," असं मास्तर मला तीनदा म्हणाले होते. मी रिपोर्ट लिहिला, ताईंनी विश्वासाने सही केली, कंपनीने मंजूर केला. मी हवेत होतो.

गावातल्या नव्या टॉवरचा पाया खणायच्या आधी ताई जागा बघायला आल्या. टेकडीवरून मधल्या रानाकडे त्यांनी बराच वेळ दुर्बीण रोखली.

"झाडं कोणती रे?"

"साग. पण वाळलाय सगळा, ताई. आरपार दिसतं."

"वाळला नाही बाबू, पानं गाळून उभा आहे. पावसात सुपाएवढी पानं फुटतील, तेव्हा काय करशील?"

त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांसमोर त्या म्हणाल्या, "टॉवर ऊँचा करना पड़ेगा. सर्वे गलत है, और गलती मेरी है."

"दीदी, अभी तो साफ दिख रहा है. कौन पूछेगा?"

"बरसात पूछेगी."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. टॉवर उंच झाला. त्या कंपनीने मात्र पुढे वर्षभर आम्हाला काम दिलं नाही. जिना उतरताना माझे डोळे भरून आले.

"काहून रडून राहिला? वर्गात सांगत जा ही चूक. माझ्या नावावर सांग."

आज त्यांचा वर्ग मी घेतो. ही चूक दरवर्षी सांगतो, पण माझ्याच नावावर. अशा बाईच्या हाताखाली शिकलो, हे सांगताना छाती भरून येते.

गेल्या श्रावणात ताई गेल्या. मास्तरांना कळवायला मी फोन लावला. त्यांच्या गावचा रस्ता आठवडाभर पाण्याखाली होता आणि रानातला साग पानांनी गच्च झाला होता. पहिल्याच घंटीला त्यांनी फोन उचलला.

"बोलो भैया, बोलो. आवाज एकदम साफ आ रही है."

"मास्टरजी, टॉवर ऊँचा करवाने वाली दीदी नहीं रहीं," मी म्हणालो.