लेखकाच्या मृत्यूचं साल

माझे पती गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, दुबईतल्या एका मराठी कार्यक्रमात, त्यांचं पुस्तक मला टेबलावर विकायला ठेवलेलं दिसलं. त्यांनी लिहिलेलं नव्हे. कोकणातल्या माशांवरचं ते जुनं पुस्तक वेंगुर्ल्याच्या एका शिक्षकांनी लिहिलेलं होतं. हात लावला की पानं तुटायची. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये यांनी ते ओळ न् ओळ टाइप केलं. पुसट वर्णनं ताडून पाहायला हे सुट्टीच्या दिवशी मासळी बाजारात जायचे आणि विकणाऱ्याला माशाचे पर पसरून दाखवायला लावायचे.

छापलं मात्र नव्हतं. लेखक गेल्यावर पुस्तक सर्वांचं व्हायला इथे पन्नास वर्षं लागतात, भारतात साठ. ते शिक्षक कधी वारले, याची नोंदच सापडेना. हे ग्रंथालयांना पत्रं पाठवत राहिले आणि त्यातच गेले.

टेबलावरच्या प्रतींवर संपादक म्हणून यांच्या मित्राचं नाव होतं. वाचायला म्हणून यांनी त्याला फाइल दिली होती. छपाई आणि विक्री पुण्यात. थोड्या प्रती बॅगेतून इकडे आलेल्या.

"वहिनी, या ना! एक प्रत घ्या, तुम्हाला फ्री."

"यांचं नाव कुठे आहे, भाऊजी?"

"आभारात घालणार होतो, राहून गेलं. आणि त्याने टाइपच तर केलं होतं ना?"

"परवानगी कुणाची घेतलीत?"

"कसली परवानगी? पन्नास वर्षं कधीच झाली. खलास! आता ते कुणाचंच नाही."

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, लेट इट गो."

मी सोडणार नव्हते. कायदा वाचला. टाइप करणाऱ्याला, ताडून पाहणाऱ्याला त्यात काही नाही. हक्क असलाच तर लेखकाच्या वारसांचा. म्हणजे मला मृत्यूचं साल हवं होतं, आणि छपाई पुण्याची, म्हणून तेही साठ वर्षांच्या आतलं. एका अनोळखी माणसाला मरण उशिरा आलेलं असावं, असं मी रोज चहा पिताना मनात म्हणत होते.

फोन करत करत वेंगुर्ल्याला लेखकांच्या मुलीपर्यंत पोहोचले. दर वर्षी श्राद्ध होतं, म्हणून त्यांना तिथी पाठ होती. साल आठवेना.

"तुमचं लग्न कधी झालं?" मी विचारलं.

"बाबा गेले म्हणून तर घाईघाईत झालं. वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबा!"

लग्नाचं साल त्यांनी चटकन सांगितलं. एखादं वर्ष मागेपुढे धरलं, तरी साठ पुरी व्हायला अवकाश होता. मग मी त्यांना सगळं सांगितलं.

"पुस्तक चांगलं झालंय का?"

"फार चांगलं."

"मग राहू दे की. तुमच्या मिस्टरांचं नाव घालायला लावू या."

यांना ते आवडलं असतं.

"नको," मी म्हणाले. "बंद करा."

त्यांनी माझं ऐकलं आणि त्यांच्या वकिलाची नोटीस पुण्याला गेली. प्रकाशकाने प्रती परत मागवल्या आणि रद्दीत काढल्या. मित्राचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता.

"वहिनी, सगळं काम त्याचंच होतं हो! तुम्ही त्याची मेहनत रद्दीत घातलीत!"

"हेच कार्यक्रमात सगळ्यांसमोर म्हणाला असतात, तर वाचली असती," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दुपारी, हे गेल्यापासून पहिल्यांदा, मला कडकडून भूक लागली.