भाताने मापलेली बॅग

आमच्या पाड्यावरची ती शिकायला जर्मनीला चालली आहे. तिचा व्हिसा आल्यापासून मला तिच्याशी धड बोलता येत नाही. कॉलेजात ती माझ्या दोन वर्षं पुढे होती. डोळखांबहून शहापूरला आम्ही एकाच जीपने जायचो. नवी चप्पल टिकेल का, हे पाहायला ती दुकानातच उड्या मारते. "बघू तर," हे तिचं नेहमीचं.

तिच्या मामाने तिला दोन बॅगा दिल्या, एक मोठी, एक मधली. कोणती न्यायची, हे ठरवायला ती मला घेऊन भाताच्या गिरणीत गेली. विमानात चालेल तेवढ्या वजनाचा भात तिने काट्यावर तोलला आणि मोठ्या बॅगेत ओतला.

"काय गो, तिकडं भात लावायला चाललीस?" गिरणीवाले काका हसले.

बॅग अर्धीच भरली.

"हीच ने. जागा उरते," मी म्हणाले.

"उरलेली जागा आई भरल्याबिगर राहंल का? मग वजन जास्त झालं का विमानतळावर काय काढू, नाचणीचं पीठ का सुकट?"

तोच भात मधल्या बॅगेत गच्च बसला. ती बॅग उचलून ती दारापर्यंत गेली. मी हात पुढे केला.

"नको गो. तिथं कोण हाय हात लावायला?"

मला वाटलं, तिच्या जागी मी का नाही?

"मोठी तू घे," ती म्हणाली. "तू पण जाशील ना."

घरी माझ्या आईने ती मोठी बॅग उघडून पाहिली. "बियाणं ठेवू यात? उंदीर नाय शिरायचे."

"नको आई," मी म्हणाले. "रिकामीच राहू दे."