मुरलीधरभाऊंची सकाळची फेरी

"लावून दिलं म्हणजे झालं नाही, रोज पाहून राहा लागते." मुरलीधरभाऊंचं हे बोलणं जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. छताच्या पंख्याबद्दल ते हेच म्हणत, लिंबाच्या रोपाबद्दल हेच म्हणत, आणि कुणाच्या घरी नवा जावई आला तरी हेच.

त्यांची तेहतीस वर्षं रेल्वेत सिग्नलच्या देखभालीत गेली होती. रोज सकाळी रुळाच्या कडेनं चालत जायचं, दिव्याची काच पुसायची, तार ओढून पाहायची. गाडी वेळेवर सुटली तर त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. भाऊंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नाव न निघणं हीच त्यांच्या कामाची पावती होती.

राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं. पण इथल्या मराठी घरांनी आपली पुरणपोळी, आपलं पंचांग आणि आपलं मंडळ सोडलं नाही. त्या मंडळाची वेबसाइट एका गुढीपाडव्याला सिव्हिल लाइन्समधल्या हॉलमध्ये सुरू झाली. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. साइट बनवणारी पद्मजा आठच दिवसांत नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती. जाताना तिनं विचारलं, "आता रोजचं कोण बघणार?" सगळे पंख्याकडे पाहू लागले. मुरलीधरभाऊंनी हात वर केला.

तेव्हापासून त्यांची नवी फेरी सुरू झाली. आंघोळ, देवपूजा, आणि मग साइटचं एकेक पान. संपलेल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण काढायचं. दिलेल्या नंबरावर फोन लावून माणूस तोच आहे ना ते विचारायचं. न उघडणारा फोटो वहीत टिपायचा.

"अहो, झाली ना साइट!" मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब म्हणत. "काहून रोज उघडून राहिले?"

"बंद पडल्यावर तर कोणीबी उघडते, भय्यासाहेब."

साइटवर सगळ्यांत जास्त चालणारं पान तिथींचं होतं. घरातल्या गेलेल्या माणसाची तिथी आणि आपला फोन नंबर लिहिला की श्राद्धाची तारीख समोर यायची. परगावी गेलेल्या मुलांना, ज्यांच्या घरी पंचांग उरलं नव्हतं, त्यांना हे पान फार सोयीचं. पद्मजानं ते इकडच्या एका तयार हिंदी पंचांगावरून जोडलं होतं. पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा घालून पाहिला होता. सगळं बरोबर आलं.

पण हिरवा दिवा लालही होतो का, हे पाहिल्याशिवाय सिग्नलवाला घरी जात नाही. गणपती उठले त्या आठवड्यात भाऊंनी आपल्या आईची तिथी घातली, कार्तिक वद्य पंचमी. पानानं दिवाळीच्या आधीची तारीख दाखवली.

भाऊ ताठ बसले. आईचं श्राद्ध दिवाळीचा फराळ संपल्यावर येई. चकलीचा डबा रिकामा झाला की ते लहानपणी समजत, आता आजोळची माणसं जेवायला येणार.

त्यांनी पद्मजाला फोन लावला. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावस्येनंतर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मतलब काका, आपला महीना अलग आहे?"

"शुक्ल पक्षात सारे एक, पोरी. वद्यात आपण एक महिना मागून चालतो."

वद्यातली प्रत्येक तारीख महिनाभर आधीची दाखवली जात होती. भाऊंनी त्याच घटकेला पान बंद केलं आणि तिथं लिहिलं, 'इथे चूक सापडली आहे. तारीख घरच्या पंचांगात पाहावी.' मग वद्य तिथी विचारणाऱ्या सत्तावीस जणांना एकेक करून फोन केले. इटारसीची एक सून हसली. "आमच्या सासऱ्यांना जेवायची घाईच असे. महिनाभर आधीबी आले असते!"

सत्ताविसावा नंबर विष्णूचा होता. तो फौजेत, दूर सीमेवर. त्याची आई भानुमतीबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची. भाऊ आधी तिच्याकडे गेले. चहाला हात न लावता सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाप गेला तेव्हा त्याले पोचता आलं नाही, भाऊजी. वर्षश्राद्ध एकदाच येते. छुट्टी त्यानं तुमचीच तारीख पाहून घेतली."

विष्णूची रजा नोव्हेंबरची मंजूर झाली होती. खरी तिथी डिसेंबरात होती. तो फोनवर म्हणाला, "काका, अब बदलना मुश्किल आहे."

भाऊंनी मंडळाच्या कागदावर विष्णूच्या फौजेतल्या साहेबाला पत्र लिहिलं, चूक आमची आहे, या मुलाची नाही. पंचांगाच्या पानाचा फोटो जोडला. भय्यासाहेब सही करीनात.

"असं लिहून दिलं तर मंडळाची इज्जत जाईन!"

"लाल दिवा लावला म्हणून स्टेशनाची इज्जत गेली काय कधी?"

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि सही केली.

पत्र गेलं. पद्मजानं पान दुरुस्त करून दिलं. भाऊंनी बाराही महिन्यांच्या वद्य तिथी पंचांगाशी ताडून पाहिल्या आणि मगच ते पुन्हा उघडलं. रोज फेरी संपली की ते भानुमतीबाईच्या दारावरून जात. ती नुसती मान हलवी, अजून नाही. तेराव्या दिवशी ती फाटकातच उभी होती. "छुट्टी मिळाली भाऊजी. साहेबानं बदलून दिली."

डिसेंबरात विष्णूनं स्वतःच्या हातानं बापाला पिंड दिला. त्याचा आवाज मंत्रात अडखळला तेव्हा भानुमतीबाईनं हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. पंगतीत भाऊ माझ्या शेजारी होते. खीर दोनदा मागून घेतली. विष्णू पाया पडायला वाकला तर म्हणाले, "मी काय केलं? चूक आपलीच होती, आपणच काढली."

पान खाऊन ते उठले. मी म्हटलं, "बसा ना भाऊ, घाई कशाची?"

"सकाळची फेरी राहून गेली आज," ते म्हणाले. चपला घातल्या, फाटकाची सैल कडी हलवून पाहिली, नीट बसवली, आणि रुळाच्या कडेनं चालावं तशा मोजक्या पावलांनी गल्लीतून निघाले. विष्णू आणि त्याची आई दारात उभी होती. ते वळणाआड जाईपर्यंत दोघंही आत गेली नाहीत.