मागच्या दाराचं कुलूप

आर्मेनियात, ग्युम्रीतल्या आमच्या शिवणकारखान्यात वेरझिने मावशी सव्वीस वर्षं शर्टांच्या बाह्या जोडत होती. कापडाचे तागे चोरीला जातात म्हणून मालक मखितारने मार्चमध्ये मागच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं. आत आम्ही बेचाळीस बायका. बाहेर पडायचं तर सगळ्यांनी पुढच्या गोदामातून, कापडाच्या ढिगांमधून. मावशी दोनदा बोलली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघतो."

मग एप्रिलची चोवीस तारीख जवळ आली. त्या दिवशी एकोणीसशे पंधरा साली तुर्कांनी केलेल्या आर्मेनियनांच्या कत्तलीत गेलेल्यांसाठी अख्खं गाव स्मारकावर फुलं घेऊन जातं. आमच्या कारखान्याचंही पुष्पचक्र असतं.

"मावशी, यंदा तुम्ही पुढे," मखितार म्हणाला. "तुमची आजी त्या कत्तलीतून वाचलेली, तिकडच्या मूशची ना?"

"येते की. आधी कुलूप काढ."

"कुलपाचा इथे काय संबंध?"

मावशीने मशीन थांबवलं. "आजीच्या गावात माणसं चर्चमध्ये कोंडली, बाहेरून अडसर घातला आणि आग लावली. आजी गिरणीवर गेली होती, म्हणून मी इथे बसलेय."

"म्हणजे मला त्या आग लावणाऱ्यांच्या पंक्तीला बसवता?"

"नाही रे. तू आमचा, म्हणून तर सांगते. परक्याला काय सांगायचं?"

तो रागाने शेजारच्या मशीनवरच्या अराक्सीकडे वळला. "तू धरशील पुष्पचक्र? तुझी आजी कुठली?"

"इथल्या अनाथाश्रमातली. वेरझिनेच्या आजीच्या शेजारचा पलंग तिचा. माझंही उत्तर तेच."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कत्तलीतून वाचलेल्या, अनाथाश्रमातल्या मुलांनी अर्धं वसवलेल्या ग्युम्रीत, आजी कुठली म्हणून आणखी किती जणींना विचारणार? तो निघून गेला.

चोवीसला पुष्पचक्र त्याने आणि त्याच्या ड्रायव्हरने उचललं. आम्ही आपापल्या अंगणातली ट्यूलिप घेऊन वेगळ्या गेलो. स्मारकापाशी त्याची म्हातारी आई मावशीला भेटली.

"अगं, तू इथे मागे कशी? पुष्पचक्राबरोबर का नाहीस?"

मावशीने जसं होतं तसं सांगितलं, एक शब्द न वाढवता. म्हातारीने फुलं वाहिली, छातीवर क्रूसाची खूण केली, मग लेकाची बाही धरली.

"किल्ली कुठंय?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. किल्ली कुठंय?"

पंचवीसला कुलूप निघालं. जूनमध्ये 'ऑर्डरी कमी आहेत' असं सांगून मखितारने एकाच बाईला घरी बसवलं. वेरझिने मावशीला.

मी चिडून तिच्या घरी गेले. ती वाळवायला जर्दाळू चिरत होती.

"दार उघडं आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. पण परवापासून त्याच्यापुढे खोकी रचतात."

"आणि तू इथे जर्दाळू खात बसलीयस? उद्या जाऊन सांग त्याला."

"मी सांगू?"

"मग काय मी येऊ? मला कामावरून काढलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अराक्सीने खोकी उचलली. सतरा होती. सगळी नेऊन मखितारच्या टेबलासमोर रचली.